आठावरचं बोट

आमच्या अंबरनाथच्या खोलीत माझी खाट ज्या भिंतीला लागून होती, त्या भिंतीवर अण्णांनी कोळशाने अर्धा गोल काढला होता. गोलावर डावीकडून उजवीकडे शून्यापासून दहापर्यंत आकडे, आणि नवाच्या जरा पुढे लाल खडूची एक आडवी रेघ. येणारेजाणारे विचारायचे, हे काय हो, मुलीला घड्याळ शिकवताय का? आई काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरला वाफेचा दाब दाखवणारा काटा असतो, तसलाच काटा त्यांनी माझ्यासाठी काढला होता. फक्त त्यात काटा नव्हता. काट्याच्या जागी माझं बोट.

पाळीवरून घरी आले की ते आधी मोरीवर जाऊन हातपाय धूत, कानामागचा काळा घाम पुसत, आणि मग खाटेच्या कडेला टेकून विचारत, "बेबी, काटा कुठाय?" मी बोट लावायची. चारावर, पाचावर, कधी दोनावर. एवढंच. मला बोलायची पहिल्यापासून भीती वाटे. शाळेत हजेरी देतानासुद्धा आवाज फुटत नसे. कसं वाटतंय, काय होतंय, धाप लागते का, असं कोणी विचारलं की मला रडूच यायचं. बोट लावणं मला सोपं होतं, आणि अण्णांनी ते ओळखलं होतं. चाराच्या खाली असलं तर मोरीपर्यंतसुद्धा आईच्या खांद्याला धरून जायचं. चार ते सहा असेल तर बसायचं, केस विंचरून घ्यायचे, ताईबरोबर अभ्यास. सहाच्या वर असेल तर दारात खुर्ची टाकून बसायचं. लाल रेघेचं त्यांनी मला दोन-तीनदा समजावलं होतं. कितीही बरं वाटलं तरी तिच्या पुढे जायचं नाही. ज्या दिवशी खूप बरं वाटतं त्याच दिवशी माणूस फसतो, असं ते म्हणत.

एकदा त्यांच्या कारखान्यात काटा अडकला होता. आत दाब वाढत होता आणि काटा आपला एकाच जागी. दुसऱ्या पाळीतला एक माणूस भाजला. ते सांगून झाल्यावर अण्णा म्हणाले होते, "काटा नसला तर माणूस कानाने ऐकतो, हाताने बघतो. सावध असतो. पण खोटा काटा असला ना, की माणूस बिनघोर झोपतो." हे मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं होतं. मला ते नीट समजलं होतं. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

मला झालं काय होतं, ते सांगते. चौथी पास झाले, पाचवीत नाव घातलं आणि दिवाळीच्या आधी घसा धरला. घसा कोणाचा धरत नाही? आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, गेला. पंधरा-वीस दिवसांनी ताप आला आणि उजवा गुडघा सुजला. तो उतरला तर डावा. मग घोटा, मग मनगट. सांध्यांची सूज जणू घर बदलत फिरत होती. सगळ्यांना वाटलं, वाढीचं अंग आहे. मग एका दुपारी शाळेचा जिना चढताना मी मधेच खाली बसले आणि मला उठता येईना. उल्हासनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ माझी छाती ऐकली. त्या तापाने हृदयाच्या झडपेला सूज आली आहे, झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे येतं, असं त्यांनी सांगितलं. आईला काही कळलं नाही. अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्ह लीक आहे." बाई जरा हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच. आणि अण्णांचा चेहरा उतरला, कारण लीक झालेल्या व्हॉल्व्हचं पुढे काय होतं ते त्या खोलीत त्यांच्याएवढं कोणाला माहीत नव्हतं.

शाळा सुटली. सहा महिने म्हणता म्हणता दीड वर्ष खाट. त्या दीड वर्षाचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. सकाळी सातचा भोंगा, त्याच्यानंतर रस्त्यावरून सायकलींचा लोंढा, मग एकदम शांतता. आई बाहेर दगडावर कपडे आपटत असे, ते एक. शेजारच्या काकूंचा स्टोव्ह पेटताना आधी फडफडायचा आणि मग एका सुरात घुमायला लागायचा, ते दुसरं. अकराला पलीकडच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा. ती ऐकू आली की मी डोक्यावरून पांघरूण घ्यायची. आणि वास. मला मीठ बंद होतं. अंगाला सूज येते म्हणून. आईची भाकरी, वरण, भाजी, माझ्यासाठी सगळं वेगळं काढलेलं, अळणी. आम्ही मूळचे कोकणातले, रोज नाही तरी दिवसाआड घरात सुकट नाहीतर जवळा तव्यावर पडायचा. तो वास नाकात शिरला की तोंडाला पाणी सुटायचं आणि पुढ्यात अळणी मुगाचं वरण यायचं. आई माझ्यासमोर कधी जेवायची नाही. दाराआड बसून पटापट उरकायची. मला ते कळायचं, आणि मला कळतं हे तिलाही कळायचं.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मॅट्रिक झाली होती. दुपारी माझ्याजवळ बसून ती मला पाचवीची पुस्तकं शिकवायची. तिच्या वेळची होती ती, कोपरे दुमडलेली. भूगोल तिला आवडायचा नाही, तो ती भराभर वाचून टाकायची. भागाकार मात्र पाटीवर पुन्हा पुन्हा घालायची आणि मी चुकले की रागावत नसे, नुसती पाटी पुसून परत माझ्यापुढे ठेवायची. इंजेक्शनचे दिवसही तीच मोजायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक ठिपके.

हे लिहिताना दम लागतो असं नाही, पण हात जड होतो. सकाळी अर्धं पान लिहिते आणि ठेवून देते. आता बदलापूरला शिरगावात तळमजल्याला राहते. अंघोळ केली त्या दिवशी केस धूत नाही. केस धुतले त्या दिवशी बाजारात जात नाही. लोकांना वाटतं, म्हातारपण आहे. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून माझं असंच आहे.

इंजेक्शनचं असं होतं की ते दर एकवीस दिवसांनी घ्यायचं. घशाचा तो आजार पुन्हा शिरला तर झडपेला पुन्हा सूज येईल, आणि दुसऱ्या वेळी झडप सावरायची नाही. तो शिरू नये म्हणून हे इंजेक्शन. डॉक्टरीणबाईंनी आईला दोनदा म्हणायला लावलं होतं, एकवीस म्हणजे एकवीस, बरं वाटलं तरी एकवीस. अण्णा मला सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटाची घडी टाकून बसवत आणि उल्हासनगरला नेत. हळू चालवत. सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकींच्या मधून रस्ता जायचा, दारादारांत बाजा टाकून पापड वाळत घातलेले असायचे, आणि सिंधी बायका आमच्याकडे बघून आपसात काही बोलायच्या. दवाखान्यातल्या सिस्टरही सिंधीच. जाड, गोऱ्या, हात अगदी गार. "डरने का नहीं, बच्चा, पाय सैल सोड," असं अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत त्या कमरेच्या खाली सुई घालायच्या. घट्ट दुधासारखं औषध. ते आत जाताना पायातून वीज उतरल्यासारखं व्हायचं, आणि मग दोन-तीन दिवस तो पाय टेकायला नको वाटायचा. मी लंगडायची. येताना अण्णा कॅम्पातल्या एका दुकानातून मला काहीतरी बिनमिठाचं खायला घ्यायचे, बहुतेक वेळा खडीसाखर, आणि सायकल हातात धरून चालत यायचे, मला हादरे बसू नयेत म्हणून.

दुसऱ्या वर्षीच्या होळीनंतर डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि पहिल्यांदा मान हलवली. आवाज कमी झालाय म्हणाल्या. असंच जूनपर्यंत राहिलं तर शाळेत पाठवा. जिना नको, कवायत नको, पण पाठवा. अण्णा त्याच दिवशी शाळेत गेले. पाचवीचा एक वर्ग तळमजल्यावर भरायचा. तिथल्या बाईंनी दाराजवळचा बाक मला द्यायचं कबूल केलं. अण्णा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा मी बोट सातावर लावलं. ते सात खरं होतं. त्या दिवसांतलं बोट आठवलं की मला माझाच हेवा वाटतो. जूनपर्यंत शक्ती साठवायची, असं मी ठरवलं होतं. अंथरुणावरून उठायचं असलं तरी आधी विचार करायची, याची गरज आहे का. हाक ऐकू आली तरी ओ द्यायची नाही, मान हलवायची. सगळं जूनसाठी.

आणि त्याच सुमाराला ताईला बघायला आले.

बदलापूर गावातलं घर. मुलगा नोकरीत, शेतीही थोडी, सासरे शांत. पण त्यांच्याबरोबर मुलाची आत्या आली होती, आणि घरात चालत असे ते तिचं. उंच, नऊवारीतली, नजर अशी की बशीत उरलेले चार पोहेही तिला दिसावेत. दोनच दिवसांपूर्वी माझं इंजेक्शन झालं होतं. आईने मला नवा फ्रॉक घालून खुर्चीवर बसवलं होतं, आजारी माणूस दिसू नये म्हणून खाट उभी करून ठेवली होती. मला बसून राहायला सांगितलं होतं. पण आत्याबाईंनी पाणी मागितलं, ताई आत होती, आई चहा गाळत होती, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. मी उठले. चार पावलं असतील. तांब्या दिला आणि परत येताना त्यांचा आवाज आला.

"धाकटीचा पाय कशानं ओढतोय?"

आई आतून म्हणाली, परवा ठिकरी खेळताना पडली. मी ठिकरी खेळून दीड वर्ष झालं होतं.

"बघा हो," आत्याबाई म्हणाल्या. "घरात एक पाय अधू असला म्हणजे दुसऱ्याचं काय, हे विचारावं लागतं. उद्या आमच्या पोरांना नको."

असं तोंडावर बोलल्या, आणि मग पोहे चांगले झालेत म्हणाल्या. मी खाली मान घालून बसले होते. त्या वेळी मला पायाची लाज वाटली नाही, ताईची लाज वाटली. म्हणजे माझ्यामुळे तिला काहीतरी लागलं, असं. त्यांचा होकार पंधरा दिवस आला नाही. ते पंधरा दिवस घरात कोणी मला काही बोललं नाही, आणि तेच फार होतं. ताई भागाकार घालायला बसायची, पण पाटीकडे बघत नसायची. होकार आला तेव्हा आई देवापुढे बसून रडली.

लग्न मे महिन्यातलं धरलं. खोलीला चुना काढला. अण्णांचा काटा चुन्याखाली गेला, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी नवा काटा दाराच्या मागे काढला. आधीपेक्षा लहान, वितीएवढा. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तो फार काळा दिसायचा. ताई आता शिंप्याकडे, बांगडीवाल्याकडे, मावशीकडे. कॅलेंडरवर ठिपके घालायचं काम आईकडे आलं. आणि आईने एका संध्याकाळी मोजून बघितलं तर एकविसावा दिवस नेमका हळदीच्या आदल्या दिवशी येत होता.

अण्णा नुकतेच पाळीवरून आले होते. आई पुरणाच्या डाळीतले खडे वेचत बसली होती, मान वर न करता तिने ते सांगितलं. म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे, मग घेऊ. चार दिवसांनी काय होतंय. त्या आत्याबाई मांडवात हिच्याच पायांकडे बघत बसणार. अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "तारीख चुकवायची नसते. आमच्याकडे तपासणीची तारीख आली की सगळा कारखाना बंद ठेवतात, पण तारीख चुकवत नाहीत."

"तुमच्या बॉयलरला लग्नाची बहीण नाही," आई म्हणाली.

हे ती रागाने नाही म्हणाली. थकून म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे वळले. दार जरा ढकललं, मागची भिंत दिसेल एवढं. "बेबी, तू सांग. काटा कुठाय?"

आज मला पुष्कळ काही म्हणता येतं. इंजेक्शन काटा बघून घ्यायचं नसतं, बरं वाटलं तरी घ्यायचं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा घोकून घेतलं होतं. तपासणी काय दाब बघून ठरवतात का? अण्णांना हे कळायला हवं होतं. पण ते त्या दिवशी बॉयलरवरचे अण्णा नव्हते, मुलीचे वडील होते, आणि त्यांना कोणीतरी हो म्हणायला हवं होतं. ते हो म्हणायचं काम त्यांनी माझ्या बोटावर टाकलं.

त्या दिवशी मी पाचावर होते. चुन्याच्या वासाने, पाहुण्यांच्या वर्दळीने आधीच खाली आले होते. आणि माझ्या मनात काय होतं तेही खरं लिहिते. ताईचं लग्न मोडू नये, हे होतं. पण मला करवली व्हायचं होतं, हेही होतं. माझ्यासाठी पोपटी रंगाचा परकर शिवला होता आणि तो मला खुर्चीवर बसवून ठेवायला शिवला नव्हता. आणि सुई नको होती. एकदा तरी नको होती. मी बोट आठावर ठेवलं.

"आठ?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी दार परत लोटलं.

हळदीच्या दिवशी मांडवात पोरीबाळींनी ताईला हळद लावली, मीही लावली. तिच्या गालाला, हातांना, पायांच्या बोटांना. ताई खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, दमू नको हं. माझे दोन्ही हात पिवळे झाले होते. अण्णा एवढ्या धावपळीतही मधेच आत आले, दार ढकललं आणि भुवई उंचावली. मी त्याच पिवळ्या बोटाने आठावर टेकलं. हळद चुन्याला लागली की काय होतं हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. तासाभराने मी दाराआड बघितलं तर आठावर माझं बोट लालभडक उमटलं होतं. कुंकवाचं बोट लावावं तसं. मला ते शुभ वाटलं.

लग्न छान झालं. मी ताईच्या मागे कलश घेऊन उभी राहिले, मंगलाष्टकं संपेपर्यंत उभी राहिले, सप्तपदीला उभी राहिले. डोळ्यांपुढे मधे मधे काळे ठिपके यायचे, मी कलशातल्या आंब्याच्या पानांकडे बघत राहायची. आत्याबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि मी अगदी सरळ चालून दाखवलं. पंगतीला सगळ्यांबरोबर मीठ घातलेला मसालेभात खाल्ला, वर बर्फ घातलेलं सरबत प्यायले, दोन पेले. दीड वर्षात मी तेवढी सुखी नव्हते आणि नंतरही नाही. लाल रेघेच्या फार पुढे गेले होते, आणि त्या दिवशी तिकडे बघायचंही मनात आलं नाही.

मग पाठवणी झाली, पूजा झाली, अण्णांच्या रजा संपल्या आणि त्यांना सोळा-सोळा तासांच्या पाळ्या लागल्या. आई रोज म्हणायची, उद्या नेऊ. पाचव्या दिवशी ताई माहेरपणाला आली. आल्या आल्या हातपाय धुवायच्या आधी तिने कॅलेंडर बघितलं. आई बाहेर पाण्यावर होती.

"एकवीस होऊन गेले ना गं. घेतलंस?"

"घेतलं," मी म्हणाले.

हे मी बोटाने नाही, तोंडाने बोलले. मी एवढी न बोलणारी मुलगी, पण खोटं मात्र स्पष्ट बोलले. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली मला उचलून नेलं असतं, आणि मग का राहिलं ते निघालं असतं, आणि आत्याबाईंचं नाव निघालं असतं, आणि ती ते सासरी घेऊन गेली असती. मला तेव्हा एवढं सगळं दिसलं. माझी झडप तेवढी दिसली नाही. ताईने माझ्या गालावरून हात फिरवला, बोटांना अजून हळदीचा वास होता तिच्या, आणि म्हणाली की शाळा सुरू व्हायच्या आधी ती मला पाचवीच्या पुस्तकांना कव्हरं घालून देईल. घातली पण. खाकी कागदाची. माझं नाव तिच्या अक्षरात.

ती गेल्यावर दोन दिवसांनी घसा धरला. आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. तिने गुळण्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मला स्वतः घेऊन गेली, इंजेक्शन घेतलं. पण जे आत शिरायचं होतं ते शिरलं होतं. जून उजाडला. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते, दप्तर खिळ्याला टांगलेलं होतं, आणि मी सकाळी उठले तर उजवा गुडघा सुजलेला. मी तो चादरीखाली लपवला. दुपारपर्यंत डावाही सुजला.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मागचं इंजेक्शन कधी झालं ते विचारलं. आई खाली बघत होती. अण्णांनी सांगितलं, किती दिवस चुकले तेही सांगितलं, अगदी आकड्यासकट, हात जोडून. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, मग नळी गळ्यात टाकली आणि कागदावर लिहायला लागल्या. लिहिताना म्हणाल्या, शाळेचं आता मनातून काढून टाका. अण्णांनी विचारलं, यंदा? त्या लिहीतच राहिल्या.

महिनाभर दवाखान्यात ठेवून मला घरी आणलं. खाट परत आडवी केली होती. त्या दिवशी अण्णा कामावर गेले नव्हते. अकराची घंटा झाली, ती आम्ही तिघांनी ऐकली. अण्णा उठले, बहुतेक त्यांच्या मनात काटा परत खाटेजवळ काढायचा असेल, कारण त्यांच्या हातात कोळशाचा तुकडा होता. त्यांनी दार ओढलं आणि मागच्या भिंतीकडे बघत राहिले. नवा चुना होता. लग्नाच्या धांदलीपासून तिथे मी एकटीनेच बोट लावलं होतं. शून्यापासून सातापर्यंत भिंत कोरी होती, बोटाचा एक डाग नाही. आठावर मळाचं काळं ठिगळ होतं आणि त्याच्या मधे ते लाल बोट. महिना-सव्वा महिना मी रोज आठ होते. ताप भरला त्या सकाळीसुद्धा आठ.

त्यांनी त्या लाल बोटावर आपला अंगठा ठेवला. बराच वेळ.

"हे सगळे दिवस काटा तू धरून ठेवला होतास?"

मी मान हलवली. ते मला मारतील असं मला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते मोरीवर गेले, फडकं भिजवून आणलं आणि काटा पुसायला लागले. कोळसा निघाला, चुना निघाला. लाल निघेना, ते नुसतं पसरत गेलं. आई म्हणाली, राहू द्या हो. ते पुसत राहिले, खालची माती दिसेपर्यंत.

पाचवीची पुस्तकं पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीला दिली. कव्हरं तिने काढून टाकली म्हणे, नाव दुसऱ्याचं होतं म्हणून. ताईला खरं कधी सांगितलं नाही. ती अजून बदलापूर गावात असते, आठवड्यातून एकदा डबा घेऊन येते, अळणी. आत्याबाई केव्हाच गेल्या. शेवटी त्यांचाच पाय ओढायला लागला होता, पण त्यात मला काही समाधान नाही. मी लग्न केलं नाही, कोणी विचारलंही नाही. वाती वळल्या, त्या बसून होतात. पस्तिशीत झडप पार निकामी झाली, ती बदलून लोखंडी घातली. शांत बसलं की माझी मला ऐकू येते, टिक टिक. लोक म्हणतात, बरी झालीस. बरं होणं म्हणजे काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी फक्त दिवस वाटून घेत आले, आज एवढं, उद्या तेवढं, आणि साठवलेलं कधी कशाच्या उपयोगी पडलं नाही.

त्या दिवसानंतर अण्णांनी मला काटा कुठाय असं पुन्हा विचारलं नाही. वीस-बावीस वर्षं विचारलं नाही. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तेव्हा काचेपलीकडे ते उभे होते, म्हातारे झालेले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता विचारतील. मी पांघरुणातून हात बाहेर काढला, बोट तयार ठेवलं. त्यांनी नुसती मान डोलावली आणि नजर वळवली. खोट्या काट्याला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

इथे शिरगावात माझ्या खाटेजवळची भिंत ऑइल पेंटची आहे, तिच्यावर काही उमटत नाही. तरी सकाळी डोळा उघडला की मी त्या भिंतीवर बोट ठेवते, त्यांनी विचारलंय असं समजून.

आज तीन, अण्णा. खरंच तीन.